अभ्यासिकेतली हवा

सोमवार, २९ एप्रिल २०२४. सकाळी ६ वाजून १० मिनिटे.

अभ्यासिकेच्या कूलरमध्ये बादलीने पाणी भरत होतो, तेव्हा ठरवलं की आजपासून लिहायचं. नळाला आज अकरा बादल्या पाणी मिळालं. टाकीच्या तळाशी चार बोटं जुनं पाणी होतं, ते फेकलं नाही, त्यावरच भरलं. उन्हाळ्यात पाणी फेकणारा माणूस मला आवडत नाही. कूलरच्या जाळीतलं गवत मागच्या वर्षीचंच लावलं आहे. पावसाळाभर पोत्यात राहून थोडं काळं पडलं होतं, पण मी दोनदा धुतलं. चालू केल्यावर वास येतो. पंधरा मिनिटांनी जातो, किंवा आपल्याला येईनासा होतो.

ही डायरी देवराव सरांनी दिली. त्यांना बियाण्याच्या दुकानातून मिळाली होती. म्हणाले, "तुले दिवसभर कशाचा ना कशाचा धाक वाटते. तो याच्यात लिहीत जाय. माह्या डोक्यात नको टाकू." सर आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल आहेत, मी सेवक आहे. दहावीनंतर माझी शाळा सुटली. पण पुस्तकांच्या दाखल नोंदवहीत चार वर्षांत सरांना माझी एक चूक सापडलेली नाही. सरांचा एकच नियम आहे. रकाना असेल ते भरायचं, रकाना नसेल ते लिहायचं नाही. या डायरीला रकाने नाहीत, त्यामुळे थोडं अवघड वाटतं.

बुधवार, १ मे

समोर वर्तमानपत्रांचा हॉल, मागे अभ्यासिका, आणि अभ्यासिकेला लागून जुन्या पुस्तकांची खोली, असं आमचं वाचनालय आहे. अभ्यासिकेत बावीस खुर्च्या आहेत. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, असा अभ्यास करणारी मुलंमुली सकाळी सातपासून बसतात.

निकिता ढोले हिला आज चक्कर आली. ती पोलीस भरतीची तयारी करते. इथे मावशीकडे राहते, रविवारी गावी जाते. पहाटे शाळेच्या मैदानावर धावते आणि तिथून थेट अभ्यासिकेत येते. तिची वेळ मोजायला आधी तिची मैत्रीण असायची. त्या मैत्रिणीचं मार्चमध्ये लग्न झालं, तेव्हापासून मी जातो. मोबाईलमधलं घड्याळ माझं. आज आठशे मीटर ३ मिनिटं ४ सेकंद. दर दहा सेकंदांना दोन गुण कमी होतात. मैदानी चाचणी जूनमध्ये आहे. तिचे वडील म्हणतात की ही शेवटची भरती, नंतर स्थळं पाहायची.

चक्कर उन्हाने आली असेल. मी तिला कूलरसमोरची नऊ नंबरची खुर्ची दिली. तिथे गोपाल बसायचा. तो म्हणाला, "काहून बा? मी काय फुकट बसून राह्यलो काय?" मी म्हणालो, "नोंदवहीत बदल झाला आहे." नोंदवहीत बदल मीच पाच मिनिटांपूर्वी केला होता.

"इंद्रजितदादा," निकिता म्हणाली, "तू तं कलेक्टरच झाला. बदल्या करून राह्यला."

मंगळवार, ७ मे

आज राखी राठोड आली. यवतमाळच्या एका कॉलेजात एम.एस्सी. करते, सूक्ष्मजीवशास्त्रात. घर दिग्रसकडच्या तांड्यावर. रोज बसने जाते, आमचं दारव्हा वाटेतच पडतं. वाचनालयांच्या इमारतीत हवेमध्ये किती जिवाणू आणि किती बुरशी असते, हा तिचा विषय आहे. तिला तीन वाचनालयं हवी होती, त्यांतलं एक आमचं. सरांनी परवानगी दिली आणि मला बोलावून म्हणाले, "हे काम इंद्रजितचं. हा मुंगीचीही नोंद ठेवते."

काम असं आहे. काचेसारख्या गोल पारदर्शक प्लेटी असतात, त्यात तळाला जेलीसारखा थर. झाकण काढून एक तास ठेवायच्या. जमिनीपासून एक मीटर उंच, भिंतीपासून एक मीटर दूर. हवेतलं जे काही त्या तासात खाली पडेल ते थरावर चिकटतं. मग कॉलेजात उबेला ठेवलं की ठिपके उगवतात, ते मोजायचे. चार जागा: ओसरी, हॉल, अभ्यासिका, पुस्तकांची खोली. प्रत्येक जागी दोन प्लेटी, एक जिवाणूंसाठी आणि एक बुरशीसाठी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी. राखी सकाळी बसमधून डबा देणार, मी संध्याकाळी परतीच्या बसला देणार. सोबत छापील कागद: तारीख, वेळ, माणसं किती, खिडक्या किती उघड्या, पंखे चालू की बंद, केर केव्हा काढला.

निकिताने प्लेट पाहून विचारलं, "दादा, हे दही कवा लागन?"

राखी पुस्तकांच्या खोलीत असताना मी अभ्यासिकेतली पहिली प्लेट उघडली. तेवढ्यात कूलरच्या वाऱ्याने झाकण सरकून खाली पडलं आणि टेबलावरचे कागद उडाले. मी पटकन कूलर बंद केला. पुढच्या वेळी अर्धा तास आधीच बंद करीन, म्हणजे हवा बसेल. एवढा वारा असला तर धूळ उडून प्लेटीत पडणार आणि आमचं वाचनालय उगाच घाणेरडं ठरणार.

शुक्रवार, १० मे

साडेदहाला कूलर बंद, अकराला प्लेटी उघडल्या, बाराला झाकल्या, कूलर चालू. त्या दीड तासात मुलांनी फार आरडाओरड केली. बेचाळीस डिग्री होतं. गोपाल म्हणाला, "दादा, बुरशीचं माहीत नाई, आमी मात्र उगवून राह्यलो." कागद पूर्ण भरला. पंखे: चालू, तीन. कूलरचा रकाना नाही.

निकिताला कोरडा खोकला आहे.

मंगळवार, १४ मे

८०० मीटर: ३ मिनिटं ११ सेकंद. म्हणाली, छाती भरून येते. सोमवारी सकाळी गावाहून आली तेव्हा बरी होती. मी खुर्ची कूलरच्या आणखी एक हात जवळ सरकवून दिली.

गुरुवार, १६ मे

राखीने बसच्या खिडकीतून पहिल्या दोन खेपांचे आकडे दिले. बुरशीचे सरासरी ठिपके: ओसरी २१, हॉल २६, अभ्यासिका १२, पुस्तकांची खोली ५८.

मला बारा हा आकडा पाहून बरं वाटलं. राखीला वाटलं नाही. ती म्हणाली, "बाहेरच्याहून आत कमी? बावीस माणसं बसून राह्यली, येणंजाणं चालू. कमी कसं काय येते, दादा?"

"दोनदा फरशी पुसतो," मी म्हणालो.

"मंग आमच्या कॉलेजमधीही या पुसायले," ती म्हणाली. बस सुटली.

शनिवार, १८ मे

वाईट दिवस. निकिताची मावशी सकाळी सरांकडे आली. "पोरगी तुमच्या इथंच खोकलते. घरी आली की उतार पडते. काय हाये तुमच्या वाचनालयात?" डॉक्टरने ॲलर्जी म्हणून गोळ्या दिल्या आहेत. नेमके तेव्हाच आमचे अध्यक्ष, जिनिंगवाले पंजाबराव भाऊ, तिथे बसले होते. त्यांनी आकड्यांचा कागद मागितला.

"अठ्ठावन!" भाऊ म्हणाले. "अन् ते कपाटं पोरीच्या पाठीशीच हायेत. देवराव, ते सारं जुनं काढून टाका."

"भाऊ, तेराशे पुस्तकं हायेत."

"मंग तेराशे काढा."

"निर्लेखन करावं लागते. एकेका पुस्तकाची यादी लागते, मंजुरी लागते."

"हा पोरगा हाये नं यादीले. एक तारखेले रद्दीवाला येईन. पोरीले काही झालं तं लोकं माह्या दारात येतील, तुमच्या पुस्तकाच्या नाई."

भाऊ गेले. मी विचारलं, यादी कुठून सुरू करू? ते म्हणाले, "तिसरं कपाट, वरून दुसरा कप्पा, डावीकडून पाचवं. दाखल क्रमांक एक." मी जाऊन पाहिलं. तिथेच होतं.

मंगळवार, २१ मे

पाचवी खेप झाली. यादी ६४० पर्यंत आली. तोंडाला दुपट्टा बांधून लिहितो. लिहून झालेली पुस्तकं पोत्यात. सर पोत्यांकडे येत नाहीत. पुस्तकांच्या खोलीचं दार आता कायम बंद ठेवतो, फटीला कापड लावलं आहे. तरी निकिताचा खोकला कमी नाही. ८०० मीटर: ३ मिनिटं १५ सेकंद. मला वाटतं, बुरशी इतक्या दिवसांची आत शिरली असेल, जायला वेळ लागेल.

गुरुवार, २३ मे. बुद्ध पौर्णिमा. गाव.

सकाळी विहारात वंदनेला गेलो, दुपारी सगळ्यांनी खीर केली. रात्री निघणार होतो, पण आईला ऊन लागलं, ताप आहे. उद्या थांबावं लागेल. उद्या शुक्रवार, प्लेटींचा दिवस. निकिताला फोन केला. डबा बसस्थानकावरून घ्यायचा, झाकण बोटांच्या टोकाने धरायचं, उपडं ठेवायचं, प्लेटीवर बोलायचं नाही, घड्याळ पाहून एक तास, कागद कार्बन लावून भरायचा. अशा सहा सूचना दिल्या, सगळ्या राखीच्या कागदावरच्या.

"झालं का साहेब?" ती म्हणाली. "का अजून शपथबिपथ घेऊ?" मग बराच वेळ खोकली.

शनिवार, २५ मे

आईला बरं आहे. परत आलो आणि आधी कागदाची कार्बन प्रत तपासली. निकिताने सगळे रकाने बरोबर भरले आहेत. पण समासात, रकान्याच्या बाहेर, तिने लिहिलं आहे: "लय गरम होतं. कूलर फुल." मला राग आला. असं कुठेही लिहायचं नसतं. पण शाईने लिहिलेलं खोडायचंही नसतं, म्हणून तसंच ठेवलं. मूळ कागद राखीकडे गेला आहे, आता काही करता येत नाही.

मंगळवार, २८ मे. सकाळी ९.

बस थांबली आणि राखी खाली उतरली. ती कधी उतरत नाही. तिच्या हातात पिशवीत बंद केलेली एक प्लेट होती. शुक्रवारची, अभ्यासिकेतली. त्यात ठिपके नव्हतेच. सगळी प्लेट हिरवट-काळ्या लोकरीने भरली होती, एकात एक मिसळलेली.

"हे मोजताच येत नाई," ती म्हणाली. "जिवाणूंची प्लेटही अशीच. पुस्तकाच्या खोलीच्या किती तरी पट. कागदावर कूलर फुल लिहिलं हाये. तिथी कूलर हाये काय?"

"आहे."

"मंग आधीच्या पाच खेपेले चालू होता का बंद?"

कंडक्टरने बेल वाजवली. मी म्हणालो, "पाहून सांगतो."

पाहायचं काय होतं? मला माहीत होतं. तरी असं म्हणालो. ती बसमध्ये चढली.

मंगळवार, २८ मे. दुपारी ४.

दिवसभर स्वतःला सांगितलं, की निकिता प्लेटीवर खोकली असेल. तिने झाकण उलटं ठेवलं असेल. टेबल चुकलं असेल. एकदा तर वाटलं, राखीला तसंच सांगावं. निकिता खोकते हे सगळ्यांना माहीत आहे, कोणी शंका घेणार नाही.

मुलं जेवायला गेल्यावर कूलरचं मागचं झाकण काढलं. गवताला हात लावला, बोटं बुळबुळीत झाली. टाकीच्या तळाशी काळा गाळ, साईसारखा. वास आला. गेल्या महिनाभर मी तिथे रोज उभा राहून पाणी ओततो.

आज सकाळी ८०० मीटर: ३ मिनिटं १९ सेकंद. शेवटच्या वळणावर ती थांबली, गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली, मग पुन्हा धावली. मी तिला म्हणालो होतो, "चल, आज कूलरसमोर आराम कर." चाचणीला पंचवीस दिवस आहेत.

कूलर बंद केला. आल्यावर मुलांनी विचारलं. मोटर जळाली म्हणालो. हे आज दुसरं खोटं.

बुधवार, २९ मे

काय बोलायचं ते रात्री कागदावर लिहून ठेवलं होतं. बसस्थानकावर राखीला वाचून दाखवलं. "पाचही वेळा मी अभ्यासिकेतला कूलर बंद केला, पहिल्यांदा प्लेट उघडताना, नंतर अर्धा तास आधी, आणि प्लेटी झाकल्यावर चालू केला. शुक्रवारी मी नव्हतो, म्हणून तो चालू राहिला. काल मी हे सांगितलं नाही."

"बंद काहून केला?"

"पहिल्या दिवशी झाकण उडालं. वाऱ्याने धूळ पडेल असं वाटलं."

"अन् कागदावर काहून नाई लिहिलं?"

"रकाना नव्हता."

ती म्हणाली, "दादा, पोरं दिवसभर जे नाकातून घेतात तेच मले पायजे होतं. पाहुणे येणार म्हणून घर आवरतात, तसं तुमी मले आवरून दाखवलं. चार जागांची तुलनाच गेली, म्हणजे चाळीस प्लेटी गेल्या. एकीचे पस्तीस रुपये पडतात मले. अन् कूलर हाये का, हे म्याही विचारलं नाई. माह्याही कागदाचीच चूक हाये ते."

"पैसे मी देतो."

"पैसे पाहू मंग. आधी त्या पोरीले त्या खुर्चीवरून उठवा."

मी विचारलं, तिचा खोकला यामुळेच आहे का? राखी म्हणाली, "ते प्लेट सांगत नाई. ते डॉक्टर सांगन. प्लेट इतकंच सांगते, की तिच्या तोंडावर काय पडून राह्यलं."

अभ्यासिकेत गेलो. निकिता पेपर सोडवत होती. मी म्हणालो, "नऊ नंबर सोड. खिडकीजवळ वीस नंबर रिकामी आहे."

"काहून? पुन्हा बदली?"

सगळं सांगितलं. मोटर जळाली नाही, हेही सांगितलं. गोपाल आणि बाकीचे ऐकत होते.

तिने पेन खाली ठेवलं. "म्हणजे मी महिनाभर त्याच्यासमोर तोंड करून बसली."

"मी बसवलं."

"हो. तूच बसवलं." तिने पुस्तकं उचलली आणि वीस नंबरवर गेली. तिथे दुपारी झळा येतात. संध्याकाळी जाताना दारात म्हणाली, "उद्या घड्याळ घेऊन येऊ नको."

गुरुवार, ३० मे

सरांना काल सांगायचं धाडस झालं नाही, आज सांगितलं. सर रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "रकाना नोता म्हणून लिहिलं नाई?"

"हो सर."

"हे म्या तुले शिकवलं." एवढंच. थोड्या वेळाने विचारलं, "मंग पुस्तकं सुटली का?"

मी खरं सांगितलं. पुस्तकांच्या खोलीतले ५८ खरेच आहेत, तिथे कूलर नाही. बुरशी तिथेही आहे. फक्त निकिताच्या खुर्चीवर ती तिथून येत नव्हती.

"तं मंग त्याले ऊन दाखवू, खिडकी उघडू. आपण तुरीले दाखवतो, मिरचीले दाखवतो. भाऊकडं चाल माह्यासंग. तू बोल, मी नुसता उभा राहीन."

पंजाबराव भाऊंच्या जिनिंगवर गेलो. भाऊ सगळं ऐकून म्हणाले, "कूलर कोणं देल्ला होता?"

"तुम्ही, भाऊ."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मंग कूलरले रद्दीत टाका."

सर म्हणाले, "भाऊ, पंचेचाळीस डिग्रीत पोरं मरतील. गवत नवं लावू, टाकी रोज उपसू."

"पाणी कुठून आणान रोज?"

"उपसलेलं झाडांना टाकू," मी म्हणालो. हे मला आधी सुचायला हवं होतं. भाऊ म्हणाले, रद्दीवाल्याला पावसाळ्यानंतर बोलवू, तोपर्यंत पाहू. म्हणजे पुस्तकं तूर्त वाचली. सर येताना रसवंतीवर थांबले आणि मला रस पाजला.

शनिवार, १ जून

कूलर मैदानात नेऊन ब्लीचिंगच्या पाण्याने घासला. नवं गवत. खाली रोज टाकी उपसण्याचा तक्ता चिकटवला. दोन पोती पुस्तकं गच्चीवर उघडली. सर टोपी घालून एकेक पान चाळत, झटकत बसले होते. गोपालही वर आला. त्याला विचारलं, नऊ नंबर परत हवी का? म्हणाला, "नको बा. मले सरकारी नोकरी पायजे, मी मेल्यावर अनुकंपाची आईले नको." सगळे हसले. निकिता सोडून.

मी पहाटे उठतो. मैदानावर जात नाही.

शनिवार, ८ जून

पावसाचे दोन शिंतोडे झाले. राखीने पुन्हा प्लेटी लावायला सुरुवात केली आहे. तिच्या सरांनी महिनाभर मुदत वाढवून दिली. नव्या कागदावर तिने कूलरचा रकाना केला आहे, आणि खाली दोन रेघा सोडून "इतर काही" असं छापलं आहे. मी त्यात पहिल्याच दिवशी सात ओळी लिहिल्या. कूलर चालू असताना अभ्यासिका: २३.

निकिता दहा दिवसांत पहिल्यांदा बोलली. बाटली भरता भरता, माझ्याकडे न पाहता. "मावसभाऊ घड्याळ धरते. पण तो मधातच व्हिडिओ पाहते. कालचे सेकंद तिसऱ्यांदा विचारले तं म्हणे, तीनच्या आसपास. आसपास काय असते?"

"आसपास काही नसतं," मी म्हणालो.

"येजो सोमवारी."

सोमवार, १० जून

३ मिनिटं १५ सेकंद. खोकला कमी आहे, शेवटच्या वळणावर थांबली नाही.

मंगळवार, १८ जून

३ मिनिटं १० सेकंद. बरोबर दहा. हा एक सेकंद इकडे की तिकडे, यावर दोन गुण आहेत. मी तिला ९ सांगितलं. मग परत हाक मारून १० सांगितलं.

"माहीत होतं मले," ती म्हणाली. "तुह्या तोंडावर दिसते."

शनिवार, २२ जून. यवतमाळ.

मैदानी चाचणी. बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. फाटकाबाहेर सकाळी पाचपासून दहापर्यंत उभा होतो. तिचे वडील किसनरावही होते. त्यांनी विचारलं, "तू कोण?" मी म्हणालो, "वाचनालयात सेवक आहे." त्यांनी मला डब्यातली पोळी दिली.

ती बाहेर आली. ८०० मीटर: ३ मिनिटं १२ सेकंद. शंभर मीटर चांगलं झालं. गोळाफेक कमी पडली. पन्नासपैकी ३७.

किसनराव म्हणाले, "बरं झालं, तब्येत बरी नसूनही धावली." मला राहवलं नाही. कूलरचं सगळं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आमच्याही घरी तसंच गवत हाये. तीन सालचं."

शुक्रवार, १२ जुलै

लेखी परीक्षेला पात्र ठरलेल्यांची यादी लागली. तिच्या प्रवर्गात मुलींची शेवटची ३८ वर थांबली. निकिताचे ३७.

मी १ मेचं पान काढून पाहिलं. तेव्हाची वेळ ३ मिनिटं ४ सेकंद. त्याला दोन गुण जास्त होते. ३९ झाले असते. हे मी तीनदा मांडून पाहिलं, तीनदा तेच आलं. मग वही घेऊन तिच्याकडे गेलो आणि दाखवलं. ती लपवायची गोष्ट नाही.

तिने वाचलं. डोळे लाल होते, आधीच रडून झाली होती. "अन् गोळा?" ती म्हणाली. "तो का तुह्या कूलरनं धरून ठेवला होता? दीड हात कमी पडला तो. ते कोणत्या पानावर लिहिलं?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. गोळा मी कधी मोजलाच नाही.

"मंग मोजत जाय आता," ती म्हणाली. "बाबा म्हणून राह्यले, अजून एक भरती दे. खोकला असूनही पोरीनं धावणं नाई सोडलं म्हणे, पाहू एक साल. अभ्यासिकेची फी घेऊन ठेव. वीस नंबरच लिही."

मी पावती फाडली. तिने फीच्या नोटांबरोबर आणखी दोनशे ठेवले. विचारलं, हे कशाचे? म्हणाली, प्लेटींचे.

शनिवार, १३ जुलै. हिशेब.

झालेला खर्च:
राखी राठोड यांना प्लेटींचे, जूनमध्ये ५००, जुलैमध्ये ३००: ८०० रुपये.
कूलरचं गवत, तीन बाजू: २७० रुपये. (वाचनालय देणार होतं. मी घेतले नाहीत.)
२२ जून, यवतमाळ जाणं-येणं: १३० रुपये.
एकूण खर्च: १,२०० रुपये.

देणं:
राखी राठोड, चाळीस प्लेटींच्या १,४०० पैकी बाकी: ६०० रुपये. ती नको म्हणते. तरी बाकी आहे.
निकिता ढोले: २०० रुपये. २४ मेच्या प्लेटी तिने उघडल्या, म्हणून तिचा वाटा, असं म्हणाली. ती एकच खेप वाया गेली नव्हती, हे तिला दोनदा समजावून सांगितलं. तिला कळलं नाही. परत घ्यायला तयार नाही, त्यामुळे कोणत्या तारखेला द्यायचे ते ठरलेलं नाही.
एकूण देणं: ८०० रुपये.